कॅम्पातली जुनी नॅशनल रेझोनेटर गिटार : घ्यावी की नको?

खानापूरकर (धागाकर्ता), ७ जुलै

नमस्कार मंडळी. बेळगावात कॅम्पात एका घरी नॅशनल कंपनीची जुनी रेझोनेटर गिटार, म्हणजे आतल्या धातूच्या शंकूमुळे मोठा आवाज देणारी, विकायची आहे. घरातले आजी-आजोबा मुलाकडे पुण्याला कायमचे चाललेत, घर रिकामं करताहेत. गिटार आजोबांच्या मामांची. मामा रेल्वेत गार्ड होते, कॅसलरॉक-लोंढा लाइनीवर नोकरी. युद्धाच्या काळात मुंबईत एका अमेरिकन सैनिकाकडून घेतली असं घरात सांगतात.

मी गिटार मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या कांडीने वाजवतो, आपल्याकडे हवाईयन म्हणतात तशी. भजनी मंडळात आणि नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत साथीला असतो. पखवाज आणि टाळ एकदा रंगात आले की माझी लाकडी गिटार मलाच ऐकू येत नाही. देवळात माईक लावला तर शिट्टी मारतो. म्हणून रेझोनेटर हवी, ही इच्छा फार जुनी आहे.

पाहिलं ते असं. अंग पत्र्याचं, पण चकचकीत नाही. राखाडी-हिरवट, गोठलेल्या दहिवरासारखा खरखरीत रंग. अंगावर दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारख्या फटी. मान पेटीला बाराव्या पडद्यापाशी मिळते. खुंट्यांच्या डोक्यावर ठोकलेला नंबर आहे, आधी इंग्रजी सी आणि पुढे आकडे. तारा बाराव्या पडद्यापाशी खूप उंच. तिसरी तार छेडली की खरखर येते.

मागणी तीन लाख. नातवाने नेटवर किमती पाहिल्यात. माझी ऐपत ताणून दीड लाखापर्यंत. जाणकारांनी कृपया सांगा, काय बघू? काय विचारू? घेण्यासारखी आहे का?

निपाणीचा_अण्णा, ७ जुलै

फोटोत लोक चांदीसारखी चमकणारी दाखवतात ती हीच का? डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडच्या १९८५ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर आहे तसली?

बारा_पडदे, ७ जुलै

अण्णा, ती नव्हे. मुखपृष्ठावरची ती १९३७ सालची नॅशनल स्टाइल ओ, निकेलचा मुलामा दिलेली, चौदा पडद्यांची, म्हणजे मान पेटीला चौदाव्या पडद्यापाशी मिळणारी. खानापूरकरांचं वर्णन वाचून मला ही ड्युओलियन, नॅशनलचाच दुसरा नमुना, वाटते. नंबराआधीचा सी हे ड्युओलियनचंच लक्षण. खरखरीत रंग हाही तिचाच, कंपनी त्याला फ्रॉस्टेड ड्युको म्हणायची. बारा पडद्यांची असेल तर साधारण १९३० ते १९३४ मधली.

थोडा इतिहास सांगतो, कारण किमतीचा घोळ इथेच होतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत नाचाच्या बँडमध्ये पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकू येईना. जॉर्ज बोशँप नावाच्या वादकाने जॉन डोपिएरा या स्लोव्हाक वंशाच्या कारागिराला मोठ्या आवाजाची गिटार करायला सांगितलं. डोपिएरांनी घोडीखाली पातळ ॲल्युमिनियमचे तीन शंकू बसवले, आणि १९२७ मध्ये नॅशनल कंपनी सुरू झाली. तीन शंकूंची ती ट्रायकोन. अंग जर्मन सिल्व्हरचं, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचं. महागड्या नमुन्यांवर फुलांची नक्षी कोरलेली. डोपिएरा लवकरच भांडून बाहेर पडले आणि भावांबरोबर डोब्रो ही कंपनी काढली. इकडे नॅशनलने एकाच मोठ्या शंकूची, वर बिस्किट म्हणतात ती लाकडी चकती आणि त्यावर घोडी अशी स्वस्त रचना आणली. मंदी आली तेव्हा त्यातली सगळ्यात स्वस्त पत्र्याची गिटार ड्युओलियन, १९३० मध्ये साडेबत्तीस डॉलरला. अमेरिकेच्या दक्षिणेकडचे गरीब ब्लूज गायक हीच घेऊन फिरले. बुका व्हाइटची गिटार ड्युओलियनच.

तेव्हा नातवाने नेटवर जी किंमत पाहिली ती बहुधा नक्षीच्या ट्रायकोनची असणार. चांगल्या अवस्थेतली बारा पडद्यांची ड्युओलियन बाहेर साधारण दोन ते साडेतीन हजार डॉलरच्या आसपास जाते. ती चांगल्या अवस्थेतली, हे विसरू नका. तारा उंच असणं आणि खरखर, या दोन्हींची किंमत त्यातून वजा होते.

उद्यमबाग, ७ जुलै

आधी लोहचुंबक न्या हो. ड्युओलियन स्टीलची असेल तर घट्ट चिकटला पाहिजे. पितळेला चिकटत नाही. निकेलचा मुलामा असला तर जोरदार चुंबक हलका ओढल्यासारखा वाटेल, खरं ती ओढ वेगळी, हाताला लगेच कळते.

दुसरं, झाकणाचे स्क्रू बघा. मूळ स्क्रू मायनस खाचेचे असायला पाहिजेत. स्टार खाचेचे दिसले तर ते नंतर बदललेत, म्हणजे कुणीतरी उघडलीय. उघडलीय म्हणजे बिघडवलीय असं नाही, खरं विचारायला पाहिजे.

माझं वर्कशॉप उद्यमबागेतच आहे. बघायला जाताना सांगा, मी येतो बरोबर. पत्र्याचं काम बघायची हौस आहे.

जवारी_मिरज, ८ जुलै

आमच्याकडे मिरजेत तंबोरे-सतारी होतात, गिटारी दुरुस्तीला येतात. रेझोनेटर कधीतरीच येते. एक गोष्ट पक्की सांगतो, मान बघा. युद्धाआधीच्या नॅशनलच्या मानेत आजच्यासारखी किल्लीने फिरवायची सळई नसते. मान वाकली की ती फिरवून सरळ होत नाही. खुंट्यांच्या बाजूने डोळा लावून दोन्ही कडांवरून घोडीकडे बघा. मान स्वतः सरळ आहे, फक्त पुढे झुकलीय, की मध्येच कमान आलीय? नुसती झुकली असेल तर सोडवून पुन्हा बसवता येते. कमान आली असेल तर पट्टी काढायची, पडदे काढायचे, खर्च वाढत जातो.

मान आणि आतला दांडा एकसंध. दांडा पेटीत पार शेवटपर्यंत जातो, त्याला पाठीकडून छत्रीसारखे लाकडी ठोकळे आधार देतात. ते ठोकळे सरसाने चिकटवलेले. आपल्याकडचा पावसाळा आणि उन्हाळा सोसून सरस सुटतो, ठोकळा आत पडतो आणि मान झुकते. खरखर तिथूनही येऊ शकते.

शहापूरची_अक्का, ८ जुलै

खानापूरकरदादा, गिटारीतलं मला कळत नाही, मी हार्मोनियमवाली. पण एक विचारते. त्या आजी-आजोबांना गिटारीची खरी किंमत तुम्ही सांगणार आहात का? तीन लाख जास्त आहे हे सांगाल, ठीक. पण उद्या कळलं की ती चार लाखांची आहे, तर तेही सांगाल का? म्हातारी माणसं घर आवरताना पटकन काहीही देऊन टाकतात.

निपाणीचा_अण्णा, ८ जुलै

अक्का, बाजारात विकणाऱ्याने किंमत सांगायची, घेणाऱ्याने कमी करायची. त्यात गैर काय? नातू नेटवर बघतोय म्हणजे ते काही भोळे नाहीत.

शहापूरची_अक्का, ८ जुलै

नातवाने चुकीचं बघितलंय असं वर लिहिलंय ना. म्हणजे त्यांना माहिती नाही. वाद्य ज्या घरातून येतं त्या घराशी खोटं बोलून आणलं तर ते वाजवताना मनात सल राहतो, असं मला मनापासून वाटतं.

खानापूरकर, ८ जुलै

अक्का, सांगणार आहे. वर बारा_पडदेंनी लिहिलंय ते सगळं छापून आजोबांना देणार, किंमत कमी करणारं आणि वाढवणारं, दोन्ही. आजोबा स्वतः रेल्वेतले, हिशोबाला पक्के. त्यांना समजेल.

बारा_पडदे, ८ जुलै

आता मुख्य मुद्द्यावर येतो. यामुळे तुम्ही नाराज व्हाल, तरी लिहितो.

तुम्ही मांडीवर, कांडीने, आपलं संगीत वाजवता. आपल्या संगीताला मींड लागते, म्हणजे सूर न तोडता एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं. मींड संपेपर्यंत सूर जिवंत राहायला हवा. एका शंकूच्या बिस्किट रचनेचा स्वभाव उलट आहे : आघात मोठा, सणसणीत, आणि नाद लवकर विरतो. ट्रायकोनचा नाद जास्त वेळ टिकतो, गोड असतो. हवाईयन वादकांनी ट्रायकोन उचलली ती म्हणूनच. टाऊ मो आणि त्यांचं कुटुंब आशियाभर हवाईयन संगीत वाजवत फिरलं, १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिलं, आणि तिथल्या हवाईयन गिटारीला त्यांच्यामुळे बळ आलं. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी रागसंगीत गिटारवर आणलं ते रेझोनेटरवर नाही, गिब्सन कंपनीच्या मोठ्या कमानदार लाकडी गिटारवर. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा मुळात तशाच कमानदार गिटारीवरून घडली, वर तरफेच्या तारा. १९९४ चं ग्रॅमी त्या वाद्यावर वाजवलेल्या अल्बमला मिळालं. म्हणजे सूर लांबवण्यासाठी आपल्या थोर वादकांनी दुसरा रस्ता धरला.

शिवाय ही गोल मानेची गिटार. मांडीवर वाजवायला खास चौकोनी मानेच्या नॅशनल येत, त्यांना जास्त ताण सोसतो. गोल मानेला उंच जी ट्यूनिंगचा ताण देऊ नये. गंमत अशी की ब्लूजवाल्यांची मागणी गोल मानेला असल्याने त्याच काळाची चौकोनी मानेची ट्रायकोन गोल मानेच्या ट्रायकोनपेक्षा बरीच कमी किमतीत मिळते. तुम्हाला हवी ती खरं तर तीच. माझं मत विचाराल तर थांबा.

जवारी_मिरज, ८ जुलै

बारा_पडदे, नादाबद्दल बरोबर. खरं चौकोनी मानेची ट्रायकोन बेळगावात कुठून आणणार? बाहेरून मागवली तर वाहतूक, कस्टम, वाटेत मान तुटायची भीती. आणि ती हातात धरून, वाजवून बघता येत नाही. इथे वाद्य समोर आहे.

उद्यमबाग, ११ जुलै

काल खानापूरकरांबरोबर जाऊन आलो. आजोबांची परवानगी घेऊन उघडली. पत्र्याचं मी लिहितो, वाजवण्याचं ते लिहितील.

चुंबक घट्ट चिकटला. अंग स्टीलचंच, सगळीकडे. स्क्रू बहुतेक मायनस खाचेचे, चार स्टारचे. बाहेर खालच्या बाजूला, जिथे हात टेकतो तिथे रंग जाऊन गंज आलाय, खरं वरवरचा. बोटाने खरवडला तरी पत्रा आत खाल्लेला नाही. फटींतून आरसा आणि टॉर्च घालून पाठ बघितली. आतून तपकिरी झालीय, भोक कुठेच नाही. फटींच्या कडा सरळ कापलेल्या, आत वळवलेल्या नाहीत. बारा_पडदे, याचा अर्थ तुम्ही सांगा.

तारा सैल करून झाकण काढलं. शंकू चिकटवलेला नसतोच, पेटीतल्या कोनाड्यावर नुसता टेकलेला असतो, तारांच्या दाबाने बसतो. तो उचलायच्या आधी पेन्सिलीने खूण केली, नाहीतर परत बसवताना फिरतो. हाताने लेथवर फिरवून घडवलेला दिसतो, वर्तुळाकार बारीक रेघा आहेत. हे काम बघून खरोखर आनंद झाला, इतका पातळ पत्रा न फाटता त्या आकारात आणणं सोपं नाही. बिस्किटाजवळ एका बाजूला तो थोडा दबलाय, आणि कडेला नखाएवढा खड्डा. बिस्किटाचा स्क्रू ढिला होता. तो आवळला, तिसऱ्या तारेची खरखर बरीचशी गेली, पूर्ण नाही.

मिरजवाले, तुम्ही सांगितलेला छत्रीचा ठोकळा. एक खरोखरच सुटून आत पडला होता. हलवल्यावर खडखडला. आजी म्हणाल्या, हा आवाज माझ्या लग्नापासून ऐकते.

जवारी_मिरज, ११ जुलै

शाब्बास. ठोकळा जपून ठेवा, टाकू नका. मूळ लाकूड आहे. मान कशी आहे?

खानापूरकर, ११ जुलै

मान मी दोन्ही कडांवरून बघितली. सरळ आहे, कमान नाही, नुसती पुढे झुकलीय. उद्यमबागदादांनी स्टीलची पट्टी ठेवून खात्री केली.

आता वाजवण्याचं. आजोबांनी खुर्ची दिली, मी मांडीवर आडवी घेतली. तारा जुन्याच, तरी सा-प-सा लावून घेतलं. आधी भूपातला आलाप. बारा_पडदे, तुमचं म्हणणं तंतोतंत खरं आहे. गंधारावरून षड्जाकडे सावकाश यायला निघालं की वाटेतच सूर पातळ होतो. परत छेडावं लागतं, आणि छेडलं की आलाप तुटतो. विलंबित यावर होणार नाही, हे पहिल्या काही मिनिटांत कळलं.

मग अभंगाची चाल धरली. इथे सगळं बदललं. छोट्या फ्रेजा, मधल्या लयीत, प्रत्येक आघात स्वच्छ. उद्यमबागदादा टेबलावर जोरात ठेका धरत होते, बाहेर व्हरांड्यात आजी कुणाशी बोलत होत्या, त्या बोलायच्या थांबल्या. आत येऊन म्हणाल्या, रस्त्यापर्यंत ऐकू जातंय. माझ्या लाकडी गिटारीतून असा आवाज कधीच निघाला नाही. माईकशिवाय हा आवाज पखवाजाला भिडेल याची मला खात्री आहे.

आणि एक कळलं. तारांची उंची मला अडचण नाहीच. मी पडद्यावर बोट दाबतच नाही, कांडी वरून फिरते. उलट तार उंच असली की कांडी पडद्यावर आपटत नाही. बोटांनी वाजवणाऱ्याला जो दोष, तो माझ्या वाजवण्यात आड येत नाही.

बारा_पडदे, ११ जुलै

सरळ कापलेल्या फटी म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतली, नंतरच्या गिटारींच्या कडा आत वळवलेल्या असतात. चांगली गोष्ट.

तुमचा उंचीचा मुद्दा मान्य. पण किमतीत तो धरू नका असं नाही. उद्या तुम्ही विकायला काढली तर घेणारा मान बसवायचा खर्च मोजणारच. तुम्हाला त्रास नाही म्हणून दोष नाहीसा होत नाही. आजोबांना हेच सांगा.

आलापाबद्दल तुम्ही स्वतःच लिहिलंत. मग अजून विचार करा, एवढे पैसे घालून अर्धंच संगीत वाजणार असेल तर?

खानापूरकर, ११ जुलै

पूर्ण विचार केला. माझं अर्धं नाही, जवळजवळ सगळंच संगीत हे आहे. मी मैफलीचा कलाकार नाही. मी एकादशीला देवळात, गणपतीत मंडपात, कुणाच्या बाराव्याला अंगणात वाजवतो. आलापासाठी माझी लाकडी आहेच, ती घरी शांतपणे वाजते. आणि तुम्हीच वर लिहिलंत, ही गिटार जन्माला आली ती बँडच्या गोंगाटात ऐकू यावी म्हणून. मला तेच तर हवंय. ट्रायकोनची वाट बघत बसलो तर आणखी किती आषाढी जातील कोण जाणे.

शहापूरची_अक्का, १२ जुलै

हे पटलं. साथ करणाऱ्याला ऐकू येणंच महत्त्वाचं. माझ्या पेटीचंही तेच असतं.

बारा_पडदे, १२ जुलै

माझं मत अजून ट्रायकोनकडेच झुकतं, पण तुमचं वाजवणं तुम्हालाच माहीत. मग निदान तीन गोष्टी ऐका. शंकू बदलायचा असेल तर नवा मागवता येतो, कॅलिफोर्नियातली नॅशनल रेझोफोनिक आजही तसेच शंकू बनवते. पण जुना जपून ठेवा, तो गिटारीबरोबरच राहिला पाहिजे. रंगाला पॉलिश, ब्रासो, नवा मुलामा काही करू नका, तो खरखरीत रंग म्हणजेच तिची किंमत आहे. आणि पिकअपसाठी (गिटारीचा आवाज स्पीकरकडे नेणारं यंत्र) अंगाला भोक पाडू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

अमेरिकन सैनिकाची गोष्ट खरी असू शकेल, त्या सैनिकांची ये-जा भारतात होतीच. पण कागद नसेल तर त्या गोष्टीचा एक रुपयाही जास्त देऊ नका.

निपाणीचा_अण्णा, १३ जुलै

किती द्यायचं ठरवलं मग?

खानापूरकर, १५ जुलै

काल ठरलं. छापलेली पानं आजोबांनी चष्मा लावून शांतपणे वाचली, नातवाला फोन लावला, त्याने ट्रायकोन आणि ड्युओलियनचे फोटो शेजारी ठेवून बघितले. फरक त्याला लगेच दिसला. मी मान, दबलेला शंकू, सुटलेला ठोकळा आणि चार बदललेले स्क्रू हे सगळं कागदावर लिहून दिलं. बाहेर दुरुस्त अवस्थेत काय किंमत येते तेही लिहिलं, आणि पुण्यात कुणाला दाखवायची असेल तर खुशाल दाखवा म्हणालो. आजोबा म्हणाले, पुण्याला नेऊन ती माळ्यावर पडेल. दीड लाखाला दिली. गिटार ठेवायची मूळ पेटीही दिली, बिजागरी तुटलीय पण आतलं अस्तर शाबूत आहे. मामांचा गिटार धरलेला एक फोटो होता, त्याची प्रत मागितली. फोटोमागे साल लिहिलेलं नाही.

दीड लाख ही माझी शेवटची मर्यादा होती, तेवढे सगळे गेले. वाईट वाटत नाही.

जवारीदादा, ठोकळा आणि मानेसाठी मिरजेला घेऊन येऊ का? आणि आता पाऊस आहे, खानापुरात तर भिंतीसुद्धा ओल्या. तोवर कशी ठेवू?

जवारी_मिरज, १५ जुलै

या की. रेल्वेने या, बसचे धक्के नकोत. मान सोडवायची गरज आहे का ते समोर बघून ठरवू. तुम्ही कांडीने वाजवता तर कदाचित नुसता ठोकळा बसवून भागेल. ठोकळा सरसानेच लावू, फेविकॉल किंवा एम-सील आधीच कुणाकडून लावून आणू नका, पुढे सुटत नाही.

तोवर तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा, पूर्ण सैल करू नका, नाहीतर शंकू जागेवरून सरकेल. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि पत्रा गंजतो. सुती धोतरात गुंडाळून पेटीत, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. वाजवून झालं की तारा आणि हात टेकतो ती जागा कोरड्या फडक्याने पुसा.

उद्यमबाग, १५ जुलै

चार मायनस स्क्रू मी शोधतो. मापाचे मिळाले नाहीत तर वर्कशॉपमध्ये करून देतो. स्टारचे तेवढे डब्यात ठेवा.